पहिलटकरीण

हिल्लाचा आज एकसष्टावा दिवस.
सहकारी दुकानाच्या कॅलेंडरवर
मार्चच्या चौकटींत पेन्सिलीचे आकडे:
सकाळी अडतीस पूर्णांक एक, रात्री अडतीस.
पारा सदतिसाच्या खाली उतरला की चोवीस तास,
असं डॉक्टरीण म्हणाली
आणि पोटाच्या फोटोवर
मला कवट्या मोजायला लावल्या.
मी पाच मोजल्या.
सहाही असतील, ती म्हणाली,
एकामागे एक लपतात.

पोस्टात एकेचाळीस वर्षं काढली मी.
पार्सलं तोलली, सुतळ्या आवळल्या, शिक्के मारले.
आत काय आहे ते विचारायचं नाही.
आता तिच्या पोटावर तळवा ठेवते
तर आतूनच कुणी विचारतं.

उर्होने पेटी करून दिली.
आतून चहूबाजूंनी एक पट्टी ठोकली,
म्हणजे आई रेलली तरी
पिल्लू भिंतीशी चिरडायचं नाही.
पैसे घेतले नाहीत, एक मादी मागितली.
मी म्हटलं, बाजारात तुरी.

पेटी ठेवली सॉनात,
तळ्याकाठच्या त्या काळवंडलेल्या लाकडी खोलीत
जिथे दर शनिवारी दगड तापवून आम्ही घाम काढतो.
यंदा चार शनिवार मी बादलीवरच भागवलं.
मंद आच. सत्तावीस अंश. वाफ नाही.
पूर्वी गावातल्या बायका इथेच बाळंत व्हायच्या:
धुराने धुतलेल्या भिंती, हाताशी ऊन पाणी,
आणि दाराबाहेर पुरुष
गरज नसताना लाकडं फोडत राहायचे.
मीही इथलीच. खालच्या बाकावरची,
युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यातली.
बर्फ कडीपर्यंत चढला होता, आई सांगायची,
सुईण स्कीवरून आली,
तोवर मी आलेली.

त्या बाकावर माझ्यानंतर कुणी आलं नाही.
एइनारीने आणि मी वाट पाहिली,
मग वाट पाहणं सोडलं,
मग त्याबद्दल बोलणं.
शेवटच्या वर्षी त्याने ही आणली, न विचारता,
कोटाच्या आत, फक्त नाक बाहेर.
दलदलीतल्या पिवळ्या बोरांवरून नाव ठेवलं
आणि मला सांगितलं, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.
खोटं त्याला कधीच नीट जमलं नाही.

अकरा टॉवेल उकळून वाळवले.
कात्री, आयोडीन, रबराची पिशवी.
वेलचीच्या पावाचं पीठ तोलायचा काटा
पुसून खिडकीत ठेवला.
ओळखायला सहा रंगांची लोकर,
सहावा राखाडी, त्याचा मोजा उसवून.
नाळेची गाठ कशी मारायची ते
काल सॉसेजवर करून पाहिलं.
सॉसेज मग हिल्लाने खाल्लं.
डोहाळे तिचे विचित्रच: माशाची वाळकी कातडी,
आणि रात्री दोनला अंगणातला बर्फ,
तोही तळ्याच्या बाजूचाच.

आज संध्याकाळी छत्तीस पूर्णांक आठ.
काच पुसून पुन्हा पाहिलं. तेवढंच.
ती धापा टाकतेय, टॉवेल उकरतेय,
मागे वळून आपल्याच शेपटीकडे बघतेय
जणू तिथे कुणी हाक मारली.
मग उर्होच्या पेटीकडे ढुंकूनही न पाहता
खालच्या बाकाखाली शिरली,
थेट कोपऱ्यापर्यंत.

बये, मी म्हटलं, तिथे माझा हात पुरत नाही.
माझे गुडघे ऐंशीचे आहेत.
तरी आडवी झाले फरशीवर, टॉर्च घेऊन.
काटा, लोकर, कात्री, सगळं वर राहिलं.
तिने माझी बोटं चाटली,
मग पंजाने हलकेच बाजूला सारली.

साडेअकरा वाजलेत.
बाहेर कुणीतरी लाकडं फोडतंय.
उर्होला मी काहीच कळवलं नव्हतं.
धुराडं पाहिलं असेल.